आधी पानावर परत घाल

तुझा मेल मिळाला. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या डागातून काढलेला जिवाणू, जीनोम (सगळा डीएनए) सुमारे 50 लाख बेसचा, पण जीसी (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) 55 टक्के. तेल्या ज्याच्यामुळे होतो त्या झँथोमोनास जिवाणूचं 64-65 असतं. 'सर, हा पँटोईआ निघाला, नवा रोगकारक म्हणून पेपर लिहू का?'

नको. आधी तो पानावर परत घाल, डाग पडतो का बघ.

पँटोईआच्या वसाहतीही, म्हणजे प्लेटवर वाढलेले ठिपके, झँथोमोनाससारख्या पिवळ्याच. तो झटपट वाढतो आणि निरोगी पानावरही सुखानं राहतो. तू डागाचा मधला, वाळलेला तुकडा घेतला असशील. घ्यायची ती ताज्या डागाची पाणचट कड. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ती काप. सूक्ष्मदर्शकाखाली कापातून जिवाणूंचा धुरकट लोंढा निघाला, तरच प्लेटवर रेघोट्या ओढ. आणि दुसऱ्याच दिवशी वसाहत उचलू नकोस. तेल्याचा जिवाणू दोन-तीन दिवस घेतो.

टाइप-3 स्रवण यंत्रणेचे, म्हणजे वनस्पतीच्या पेशीत प्रथिनं सोडणाऱ्या सुईचे, जनुक सापडले म्हणतेस. असतील! जनुक असणं वेगळं, डाग पाडणं वेगळं. पानावर घातल्याशिवाय ते कळत नाही. 2000 साली ब्राझीलच्या लोकांनी झायलेला या जिवाणूचा जीनोम पूर्ण केला, वनस्पतींवर रोग पाडणाऱ्या जिवाणूंमधला पहिला. पण तो संत्र्याला रोग पाडतो हे झाडांवर त्याआधीच दाखवून झालं होतं. क्रम तोच आहे गं, सिक्वेन्सिंग स्वस्त झालं म्हणून बदलत नाही.

मला हळू म्हणतात, म्हणोत. माझ्या उणे 80 च्या फ्रीजरमधल्या प्रत्येक कुपीची नोंद आहे: गाव, बहार, जात, आधीची फवारणी, पानावर डाग पडला की नाही. एकदा दुसरीकडून जुन्या कुप्या आल्या, वर नुसते क्रमांक. त्यांचे जीनोम झाले, पण बाग कुठली ते कुणालाच सांगता येईना. त्या काळातल्या कितीतरी बागा तेल्यानं उपटल्या गेल्या, पुन्हा नमुना आणायचा कुठून? ती हळहळ अजून जात नाही. म्हणून तुझ्यावर चिडतो.

तुझी मेहनत वाया गेलेली नाही. जीसी बघून थांबलीस, विचारलंस, हे मला फार आवडलं. आता भगवा जातीच्या डाळिंबाची निरोगी रोपं आण. काहींवर तुझा जिवाणू, काहींवर खात्रीचा झँथोमोनास, काहींवर नुसतं पाणी. दमट ठेव. डाग पडला तर त्यातून तोच जिवाणू पुन्हा काढ आणि मग मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल. रोपवाटिकेत एवढं विचारून घे, की रोपांवर हल्ली स्ट्रेप्टोसायक्लिन किंवा तांब्याचं, म्हणजे जिवाणू मारणारं, औषध मारलंय का. मारलं असेल तर ती रोपं घेऊ नकोस.