पहिल्यांदा घटनास्थळी जाताना
अभिनंदन! फॉरेन्सिक पथकात रुजू झालास, पण लगेच डीएनएच्या जाड पुस्तकात डोकं घालू नकोस.

आधी हात आवर. नुसतं बघ, फोटो काढ, मोजपट्टी ठेवून परत काढ. मगच वस्तू उचल.

नवी मुलं हमखास चुकतात ती पॅकिंगमध्ये. रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात. सोलापूरचा मे महिना, पारा ४२च्या पुढे! पिशवीला आतून घाम सुटतो, जंतू वाढतात, डीएनए सडतो. माझ्या हातून एक चादर अशीच वाया गेलीय. आपली सोलापुरी, जाड विणीची, ओल सोडतच नाही. उघडली तर हिरवी बुरशी. तेव्हा, सावलीत वाळव (उन्हात नाही हं), मग कागदी पाकीट.

बाकी दोनच:
- दर वस्तूला नवे हातमोजे, वेगळं पाकीट.
- लाखेचं सील, पंचांच्या सह्या, मुद्देमाल कुणी कुणाला कधी दिला याची नोंद. आरोपीचा वकील पहिलं बोट इथंच ठेवतो.

१ जुलै २०२४पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (गुन्ह्यांच्या तपासाचा कायदा) ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, म्हणजे काम भरपूर मिळेल. रक्ताच्या शिंतोड्यांचे कोन (रक्त कुठून उडालं ते सांगणारे) सहा महिन्यांनी विचार.