बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री आहे, बारावीला गणित नव्हतं. कंट्रोल सिस्टिम्स शिकण्यात अर्थ आहे का?

आहे. कंट्रोल सिस्टिम्स म्हणजे एखादी गोष्ट मोजत राहून तिला हव्या त्या पातळीवर ठेवायचं शास्त्र. पण त्यासाठी दुसऱ्या पदवीच्या मागे लागू नका.

तुम्ही लिहिलंय की कुडाळला राहता, दुसऱ्या वर्षाला आहात, बारावीला पीसीबी होतं, आणि घरचे म्हणतात, "एक काय ते धर." घरच्यांना सांगा, एकच धरलंय. ज्यांना तुम्ही दोन विषय समजताय, त्यांचा बराच भाग सामाईक आहे. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि आता देवगड-मालवण पट्ट्यात खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पांवर पाण्याची मोजमापं आणि एरेटरचं (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांचं) ऑटोमेशन बघतो. उत्तर थोडं कोळंबीकडे झुकेल, चालवून घ्या.

आधी तुमच्या पुस्तकातलंच घेऊ. ई. कोलाय हा बॅक्टेरिया थ्रिओनिन या अमिनो ॲसिडपासून आयसोल्युसिन हे दुसरं अमिनो ॲसिड बनवतो, पाच एन्झाइमांच्या साखळीतून. 1956 मध्ये एडविन अंबार्गर यांनी दाखवलं की शेवटी तयार झालेलं आयसोल्युसिन साखळीतल्या पहिल्याच एन्झाइमला, थ्रिओनिन डीअमिनेजला, अडवतं. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'निगेटिव्ह फीडबॅक' आहे, म्हणजे थेट इंजिनिअरांच्या खात्यातून उचललेलं. त्याच वर्षी येट्स आणि पार्डी यांनी पिरिमिडीनच्या (डीएनए-आरएनएच्या घटकांच्या) साखळीतही असाच फीडबॅक असतो असं दाखवलं. आपल्याकडे हे सगळं पाच मार्कांचं. एक बाण मागे वळवायचा, त्यावर उणे चिन्ह द्यायचं, पुढचा प्रश्न.

कंट्रोलवाला त्याच बाणाकडे बघून दोन गोष्टी विचारतो: हा फीडबॅक किती जोरात आहे आणि किती उशिरा पोचतो? गेन आणि डिले. गेनशी तुमची ओळख आहेच, हिल कोइफिशंटच्या रूपाने, म्हणजे प्रतिसादाचा कर्व्ह किती उभा आहे ते सांगणारा आकडा. मायोग्लोबिनचा 1, हिमोग्लोबिनचा 2.8 च्या आसपास, म्हणून हिमोग्लोबिनचा कर्व्ह एस आकाराचा. कर्व्ह जितका उभा, तितका गेन जास्त. डिले साखळीच्या लांबीतून येतो. शेवटच्या टोकाकडून "पुरे" अशी खबर पहिल्या एन्झाइमपर्यंत जाईतो मधल्या पायऱ्यांवर माल साचलेला असतो, आणि तो बाहेर पडतच राहतो. गेन आणि डिले दोन्ही वाढले की पातळी एका जागी ठरत नाही, वर-खाली डोलत राहते. यीस्टच्या ग्लायकोलिसिसमध्ये (साखर फोडायच्या साखळीत) एनएडीएच या रेणूची पातळी अशी डोलताना लोकांनी प्रत्यक्ष मोजलं आहे.

याचा हिशेबही निघतो. प्रत्येक पायरीवर झीज, म्हणजे तिथला माल संपायचा दर, सारखी धरली, तर तीन पायऱ्यांच्या साखळीला डोलायला हिल कोइफिशंट 8 च्या वर लागतो. पाच पायऱ्या केल्या की सुमारे 2.9 च्या वरच काम भागतं. साखळी लांबली की एवढा फरक पडतो! हे कळल्यावर मेटाबॉलिक पाथवेचा तक्ता पाठ करायची गोष्ट राहत नाही. निदान माझ्यासाठी राहिली नाही.

आता कोळंबीच्या तळ्याकडे. दिवसा प्लँक्टन (पाण्यातले सूक्ष्म हिरवे जीव) ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन खातं. कोळंबी, बॅक्टेरिया आणि तळाचा गाळ तर चोवीस तास खातात. म्हणून डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, पहाटे सर्वांत खाली. त्यात 30 अंशांच्या पाण्यात हवेतून मावतोच किती, तर गोड्या पाण्यात लिटरला 7.5 मिलिग्रॅम आणि समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात 6.2. कोळंबीला 4 च्या खाली जाऊ द्यायचं नसतं. म्हणजे हाताशी दोन-तीन मिलिग्रॅम. एरेटर 4.5 ला चालू आणि 4.6 ला बंद असं लावलं तर मोटर सारखी चालू-बंद होते आणि कॉन्टॅक्टर (मोटरचा विजेवर चालणारा स्विच) जळतो. म्हणून चालू 4.5 ला, बंद 5.5 ला, असं मधे अंतर ठेवायचं. कंट्रोलच्या पुस्तकात याला हिस्टेरिसिस म्हणतात.

खरं सांगायचं तर माझा बहुतेक वेळ कंट्रोलरवर नाही, प्रोबवर, म्हणजे पाण्यात सोडलेल्या ऑक्सिजनच्या सेन्सरवर जातो. खाडीच्या पाण्यात प्रोबच्या तोंडाशी बघता बघता बुळबुळीत थर धरतो. रात्री त्या थरातले बॅक्टेरिया प्रोबसमोरचा ऑक्सिजन खातात, आकडा खोटा कमी येतो, आणि एरेटर रात्रभर विनाकारण फिरून बिल वाढवतात. इथे बायोकेमिस्ट्रीवाल्याचा हात लागतो. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड पिपेटने पाण्याखाली सोडायचं, तपकिरी साका बसू द्यायचा, मग ॲसिड. पिवळ्या झालेल्या पाण्यात थायोसल्फेट, शेवटाकडे स्टार्च, आणि निळा रंग गेला की रीडिंग. हे विंकलरचं टायट्रेशन तुमच्या प्रॅक्टिकलला असेल तर मन लावून करा. सेन्सर खरं बोलतोय असं धरून चालणारे इंजिनिअर पुष्कळ मिळतात. तो का खोटं बोलतोय हे सांगणारा माणूस प्रकल्पावर क्वचित असतो, आणि मालक त्याला सोडत नाही.

फीडफॉरवर्ड मी तळ्यावरच्या एका जुन्या कामगाराकडून शिकलो, पुस्तकातलं नंतर डोक्यात शिरलं. दुपारी आभाळ बघून ते म्हणायचे, "आज मळभ आसा, मशिनी बेगीन लावूक व्हयी." ऊन नाही, म्हणजे प्लँक्टनने दिवसभरात ऑक्सिजन कमी सोडला, म्हणजे रात्रीची सुरुवातच खालून होणार. डीओ पडायची वाट न बघता आधीच हालचाल.

गणिताचं म्हणाल, तर ते टाळता येणार नाही, पण इंजिनिअरिंगचं सगळं लागतही नाही. फर्स्ट ऑर्डर कायनेटिक्समधला k तुम्हाला येतो. 0.693 भागिले k म्हणजे हाफ-लाइफ, तसा 1 भागिले k म्हणजे टाइम कॉन्स्टंट. इनपुट एकदम बदललं की तेवढ्या वेळात 63 टक्के बदल पार पडतो. तिथून सुरुवात करा: डेरिव्हेटिव्ह, साधी डिफरन्शियल समीकरणं, दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू. लाप्लास ट्रान्सफॉर्म (डिफरन्शियल समीकरणं साध्या बीजगणितात आणायची रीत) शेवटी. बरेच जण लाप्लासपासून सुरू करतात आणि पंधरवड्यात सोडून देतात.

परीक्षांचं थोडक्यात. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरमध्ये इंजिनिअरिंग मॅथ्स आहे आणि प्रोसेस कंट्रोलही आहे: फर्स्ट आणि सेकंड ऑर्डर सिस्टिम, फीडबॅक, फीडफॉरवर्ड, पीआयडी (नेहमीच्या वापरातला कंट्रोलर). तोच अभ्यासक्रम समोर ठेवा, शोधत फिरू नका. कंट्रोलचे कोर्स एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर) फुकट बघता येतात. पुढे एम.टेक.ला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी. मागतात, तेव्हा चौथं वर्ष करायचं की एम.एस्सी.ला जायचं हे आत्ताच सरांशी बोलून ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न, साधा लॅपटॉप चालेल का? आरामात. मॅटलॅब नको, पायथन घाला. आयसोल्युसिनच्या साखळीची पाच समीकरणं लिहा, हिल कोइफिशंट 2 ठेवून चालवा, मग 4 करा, आणि दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी काढा. 4 ला डोलायचं थांबलं तर झीज सगळीकडे सारखी आहे ना आणि इनपुटचा दर पुरेसा मोठा आहे ना, ते बघा. तरी अडलं तर कोड इथेच कमेंटमध्ये टाका.