वाचक विचारतात : इथेनॉल आणि त्याची पाण्याशी यारी

या वेळी इथेनॉलवर, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलवर, इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : लॅबमध्ये ५० मिली इथेनॉलमध्ये ५० मिली पाणी ओतलं तर सिलिंडरमध्ये ९६ मिलीच भरलं. सर म्हणाले, सांडलं असशील. माझं खरंच चुकलं का?

उत्तर : अजिबात नाही, तुझं रीडिंग बरोबर आहे, सरांना दाखव हे (जरा जपून). इथेनॉलचे आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि एकमेकांच्या फटीत जाऊन बसतात, म्हणून जागा कमी लागते. वजन करून बघ, ते एक ग्रॅमही कमी भरणार नाही. ओतताना सिलिंडर हाताला कोमट लागला असेल तर तेही याच धरपकडीमुळे. ही यारी लक्षात ठेवा, खालच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात ती आडवी येणारे.

प्रश्न : साखरेपासून इथेनॉल नेमकं बनतं कसं? आणि डिस्टिलेशन करूनही १०० टक्के शुद्ध का मिळत नाही?

उत्तर : खरं काम यीस्ट करतं. हवा मिळाली नाही की हा एका पेशीचा जीव साखर पूर्ण जाळू शकत नाही, अर्ध्यावर सोडतो, आणि ते अर्धवट सोडलेलं म्हणजेच इथेनॉल. हिशोब बघा, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे जवळपास अर्धं वजन बुडबुडे होऊन उडून जातं, पण साखरेतली ऊर्जा मात्र जवळजवळ सगळी इथेनॉलमध्येच राहते, यीस्टच्या वाट्याला अगदी चिमूटभर, आणि म्हणूनच ते इंधन म्हणून चालतं. धान्य वापरायचं असेल तर आधी एन्झाइम घालून स्टार्चची साखर करावी लागते, पेंढा-भुसा वापरायचा तर त्यातला सेल्युलोज फोडणं महाकठीण, तिथंच घोडं अडतं. इथिलीन वायूपासूनही इथेनॉल बनवतात, पण ते झालं पेट्रोकेमिकलवाल्यांचं काम.

आता शुद्धतेचं. साधारण १२ ते १५ टक्के इथेनॉल झालं की बहुतेक यीस्ट स्वतःच्याच मालापुढे हात टेकतं. मग डिस्टिलेशन. इथेनॉल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणजे सोपंच वाटतं ना? पण वजनाने ९५.६ टक्क्यांवर पोचलं की वाफेतही तेच प्रमाण आणि द्रवातही तेच, कितीही वेळा उकळा, पुढे सरकतच नाही. शेवटचं ते पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्ह लागते, म्हणजे इतक्या बारीक छिद्रांचे खडे की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा जरा मोठा असल्यानं बाहेरच राहतो. मला तर हा सगळ्या प्रोसेसमधला सगळ्यात भारी भाग वाटतो.

प्रश्न : सॅनिटायझर ७० टक्केच का? ९९ टक्के जास्त स्ट्राँग नाही का?

उत्तर : उलट कमी पडतं. जंतूंची प्रोटिन्स बिघडवायला पाणी लागतंच, शिवाय शुद्ध इथेनॉल झटकन उडून जातं, कामाला वेळच मिळत नाही. आणि काही बॅक्टेरियांचे स्पोअर (जाड कवचात झोपलेलं त्यांचं रूप) कितीही चोळलं तरी मरत नाहीत, तिथं साबण-पाणीच. हात पूर्ण सुकेपर्यंत गॅसजवळ जाऊ नका, इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात पटकन दिसतही नाही.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं मायलेज कमी होतं हे खरं की अफवा?

उत्तर : खरं आहे, पण लोक सांगतात तितकं नाही. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इथेनॉलमध्ये २१, म्हणजे २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन नंबर (दाबाखाली इंधन वेळेआधी पेटू न देण्याचं माप) शंभराच्या वर असल्यानं त्यासाठीच बनवलेलं जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन यातलं थोडं भरून काढतं, जुनं इंजिन नाही काढत.

खरी कटकट पाण्याची. १० टक्के मिश्रणात थंड हवेत लिटरमागे ५ मिलीच्या आसपास पाणी गेलं तरी इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. माझी जुनी दुचाकी चार-पाच महिने पडून होती, किक मारून मारून पाय दुखला, शेवटी मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला तर बाउलच्या तळाशी हा असा पाणचट थर आणि धातूवर पांढरी भुकटी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. आणि पर्यावरणाचं म्हणाल तर धुरातला कार्बन पिकानंच हवेतून घेतलेला असतो हे बरोबर, पण खत, पाणी आणि डिस्टिलेशनची उष्णता हिशोबात धरल्याशिवाय कुणी कौतुक केलं तर फार मनावर घेऊ नका.

प्रश्न : पिण्यातलं इथेनॉल आणि स्पिरिटमधलं इथेनॉल एकच ना? मग स्पिरिट विषारी का?

उत्तर : इथेनॉल तेच. पण डिनेचर्ड स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम काहीतरी मिसळतात, बऱ्याचदा मिथेनॉल. लिव्हरमध्ये मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं, त्यानं आधी डोळे जातात, मग जीव. गंमत अशी की यावर उतारा म्हणून डॉक्टर कधीकधी इथेनॉलच देतात, कारण दोघांना फोडणारं एन्झाइम एकच आणि ते आधी इथेनॉलला धरतं, तोवर मिथेनॉल तसंच शरीराबाहेर पडतं.

म्हणून साधं इथेनॉल निरुपद्रवी असं समजू नका. शरीरातल्या पाण्यात ते सगळीकडे पसरतं, पाणी कमी तिथं प्रमाण जास्त, त्यामुळे तेवढंच पिऊन साधारणपणे बायकांना ते जास्त चढतं. लिव्हर आपल्या ठरलेल्या वेगानंच ते फोडते, कॉफी नि गार पाण्याच्या आंघोळीनं काही होत नाही. शिवाय कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांत, टाकलंय, जिथं तंबाखू आहे तिथं. आणि कुणी संशयास्पद काही प्यायल्यावर धुकं दिसतंय म्हणाला तर झोपू देऊन सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा, मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही आणि त्रास कित्येक तासांनी सुरू होतो.