तीस युनिटवरून किती युनिटवर जायचं?

प्रश्न : नमस्कार दादा, मी कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. २०२० च्या शेवटी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ३०.२ युनिटची बॅटरी. कागदावर रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) ३१२ किमी होती, नवीन असताना मला शहरात २२० पर्यंत मिळायची, आता फुल चार्ज केली की स्क्रीन १९० दाखवते आणि हायवेला प्रत्यक्षात १६० च्या पुढे जायची माझी हिंमत होत नाही. ५८ हजार किमी झालेत. गावात काही त्रास नाही पण आई-बाबा चिपळूणला असतात, महिन्यातून एकदा तरी जावंच लागतं, सातारा-उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून साधारण सव्वादोनशे किमी. मागच्या पावसाळ्यात साताऱ्याजवळचा ठरलेला चार्जर बंद, दुसऱ्यावर अ‍ॅप पैसे घेईना, गाडीत आई आणि तिला बाथरूमला जायचं, तेव्हापासून घरात एकच वाक्य, मोठ्या बॅटरीची घे. मिस्टर म्हणतात घ्यायचीच तर ७९ युनिटवालीच घे, परत बघायला नको. मुलगा म्हणतो ४५ पुरते. मला खरंच कळत नाहीये. आणि ही जुनी विकू का ठेवू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो १६० चा आकडा, कारण तो तुमच्या पायाचा, तुमच्या रस्त्याचा, तुमच्या एसीचा आकडा आहे. शोरूममधला कुठलाच आकडा तसा नसतो. कागदावरची रेंज ज्या टेस्टमधून येते तिथे जास्तीत जास्त वेग ९०, तोही थोडाच वेळ, बाकी सगळं हळूहळू. आपण सातारा रस्त्याला लागलो की काय करतो ते तुम्हाला माहितीच आहे. टाटाच्या ५५ युनिटच्या कर्व्ह गाडीवर, ती बाजारात आली तेव्हा, ५८५ लिहिलेलं होतं आणि खुद्द टाटावालेच म्हणत होते की रोजच्या वापरात ४०० ते ४२५ धरा. त्यामुळे मिस्टरांना आणि मुलाला सांगा, रेंजवर भांडू नका, युनिटवर भांडा. (बॅटरीचा एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या लाइट बिलातलं एक युनिट, वेगळं काही नाही.)

आता हिशोब. तुमच्या बॅटरीत आज प्रत्यक्षात २६-२७ युनिट उरली असावीत, त्यावर १६० म्हणजे हायवेला युनिटमागे ६ किमी. नवी गाडी मोठी आणि जड असणार, टायर रुंद असणार, म्हणून ५.७ धरू. २२५ किमीला साडेएकोणचाळीस, चाळीसच म्हणा. ४५ वाली घेतली तर घरून १०० टक्के करून निघालात तरी चिपळूणला ११-१२ टक्के उरतील, पहिल्या वर्षी. सातव्या वर्षी बॅटरी दहा-बारा टक्के उतरलेली असेल तेव्हा उरायला काहीच नाही. आणि गाडी सातव्या वर्षीही तुम्हालाच चालवायचीये ना, मग हिशोब तेव्हाचा करा. पोचल्यावर वीस टक्के शिल्लक हवी असेल तर आज ५० लागतात, सातव्या वर्षासाठी ५५ ते ६०. माझं उत्तर हेच आहे, ५५ च्या आसपास.

म्हणजे ७९ वाईट का? अजिबात नाही, गाड्या भारी आहेत. पण तुम्हाला ती वरची २० युनिटं वापरायची वेळ कधी येणार ते मला सांगा. एका दमात चिपळूण ५५ लाही होतं, आणि न चार्ज करता जाऊन-येऊन साडेचारशे ७९ लाही होत नाही, निदान आईला एसी लावून बसवलं असेल तर नाहीच. चिपळूणला तुम्ही मुक्कामाला असता. तिथे घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिट चढतात, म्हणजे शनिवारी दुपारी लावली की तेरा-चौदा तासांत चाळीस युनिट परत, रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत गाडी तयार. जास्तीच्या बॅटरीला जे काही लाख जाणार ते मी दुसरीकडे घालवेन, त्यातले थोडे तर चिपळूणच्या घरातच.

कारण हे बघा, कोकणातल्या जुन्या घरात सॉकेट असतो पण अर्थिंग नीट नसतं, आणि अर्थिंग नसलं की गाडी चार्ज घेतच नाही, लाल दिवा दाखवते आणि आपल्याला वाटतं गाडी बिघडली. पावसात व्होल्टेज पण वरखाली. वायरमनला बोलवून मीटरपासून वेगळी जाड वायर, १६ अँपियरचा चांगला औद्योगिक सॉकेट, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा) आणि नवीन अर्थिंग एवढं करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचं नाही म्हणजे नाही, रात्रभर १५ अँपियर ओढल्यावर तो बोर्ड वितळतो. हे काम नवी गाडी घ्या न घ्या, आधी करा. आणि नव्या गाडीत वीज बाहेर काढायची सोय असेल (कर्व्हला आहे, ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकला आहे, एमजीच्या विंडसर प्रोला आहे) तर लाइट गेल्यावर बाबांचा फ्रिज आणि पंखा गाडीवर चालतो. कोकणात ही सोय सनरूफपेक्षा कितीतरी मोलाची.

घाटाबद्दल लोक उगाच घाबरवतात, तुम्हाला पण घाबरवलं असेल. गाडी आणि माणसं धरून सोळा-सतराशे किलो वजन, कुंभार्लीचा चढ साधारण सहाशे मीटरचा, तेवढं उचलायला निव्वळ पावणेतीन युनिट लागतात. वाया जाणारं धरून साडेतीन. म्हणजे चिपळूणहून परत निघताना कोयनानगरला पोचेपर्यंत टक्के भराभर उतरताना दिसतात ते याचं, पण ते तेवढंच. उतरताना त्यातलं अर्ध्याहून जास्त परत बॅटरीत येतं. फक्त एक, घाटमाथ्यावर बॅटरी अगदी काठोकाठ भरलेली असेल तर ती परत घेणार कुठे, मग ब्रेकवरच यावं लागतं, पण पुण्याहून जाताना तो प्रश्न येत नाही. खरी बॅटरी खातो तो पुणे-सातारा सरळ रस्ता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी १०० ने गेलात की दीडपटीहून जास्त. खंबाटकीच्या चढाला नावं ठेवणारा माणूस शिरवळपर्यंत ११० ने आलेला असतो.

फास्ट चार्जिंगचं पण एक सांगतो कारण सेल्समन यावर फार बोलतात. मोठ्या बॅटरीची गाडी १७०-१८० किलोवॉटच्या वेगाने चार्ज घेऊ शकते, वीस मिनिटांत २० वरून ८० टक्के वगैरे. घेऊ शकते, पण देणारा हवा ना! आपल्याकडे हॉटेलच्या मागे असतो तो चार्जर बऱ्याचदा ६० किलोवॉटचा, त्याला दोन गन (गाडीला लावायच्या नळ्या), शेजारी दुसरा येऊन लागला की ३०-३०. मी स्वतः असा अर्धा तास म्हणून थांबलो आणि मिसळ, चहा, परत चहा असं करत सव्वा तास काढलाय. तुमच्या रस्त्यावर खरोखर कुठले चार्जर किती किलोवॉटचे आहेत ते पुढच्या फेरीला लिहून ठेवा, गाडी त्या हिशोबाने बघा.

मग गाडी कुठली? कर्व्हची ५५, क्रेटा इलेक्ट्रिकची ५१.४, विंडसर प्रोची ५२.९, महिंद्राच्या बीई ६ ची ५९ या चार बघा. ५१-५२ वाल्यांत सातव्या वर्षी पोचताना वीसऐवजी बारा-तेरा टक्के उरतील एवढं लक्षात ठेवून. टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन जा, हे मी गमतीत म्हणत नाहीये. कूपेसारखं उतरतं छप्पर दिसायला छान असतं पण मागच्या दारातून आत शिरताना मान वाकवावी लागते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीटची उंची रेंजपेक्षा महत्त्वाची. त्या बाबतीत मला स्वतःला विंडसर आवडते, मागची सीट सोफ्यासारखी कलते, पण रस्ता खराब असेल तर मी क्रेटाला जास्त मार्क देईन. आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी म्हणतात ती साधारणपणे पहिल्या मालकापुरती असते, गाडी तुमच्या नावावर घ्यायची का मिस्टरांच्या हे आधीच ठरवा, नंतर बदलू नका.

आणि जुनी विकायची घाई करू नका. एक तर तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, या बॅटरीत व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखंच राहतं त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला नक्की किती उरलंय ते कळत नाही, त्यात आपण रोज वरच्यावर ४० ते ८० टक्के करत राहिलो की त्याचा अंदाज अजून बिघडतो. दोन-तीन वेळा असं करा, १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरवा, मग घरच्या साध्या चार्जरवर १०० करून वर दोन तास तशीच लावून ठेवा. १९० चे २०० झाले तर मला नवल वाटणार नाही. त्यानंतर सर्व्हिस सेंटरला बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागा, लेखी. तुमची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी २०२८ पर्यंत आहे, विकताना हा कागद आणि ती उरलेली वर्षं हीच तुमची किंमत. एक्स्चेंजवाला कमी भाव सांगेल, त्यात जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवर डीलरला स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो तुमच्याच खिशातून काढणार. थेट माणसाला विकलीत तर तो लागत नाही. पण खरं विचाराल तर घरात दोन गाड्या असतील आणि दुसरी पेट्रोलची असेल तर मी पेट्रोलची काढेन आणि ही शाळेच्या फेऱ्यांना ठेवेन, शहरात १८० किमी म्हणजे तुमचा अख्खा आठवडा.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरचा, महिन्यातून दोनदा कामासाठी समृद्धीने नागपूर. सध्या ४० युनिटची गाडी आहे, १२० ने गेलो की बॅटरी डोळ्यांदेखत संपते. ५५ ची घेऊ का?

उत्तर : वरच्या ताईंना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं तुम्हाला सांगतो, ७९ च घ्या, नाहीतर हळू चला. जवळपास साडेचारशे किमी, मध्ये मुक्काम नाही, समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे आणि ८० च्या तुलनेत १२० ला हवेचा विरोध सव्वादोनपट. युनिटमागे साडेचार किमी मिळाले तरी खूप, म्हणजे ५५ वाली दोनशेला शेपूट घालणार आणि तुम्ही दोनदा थांबणार. ७९ ला एकदा थांबून होतं, जेवायला थांबताच की. इथे फास्ट चार्जिंगला पण पैसे मोजण्यात अर्थ आहे, पण पुन्हा तेच, चार्जर तेवढ्या ताकदीचा आहे का ते आधी बघा. ताशी १०० ने गेलात तर पोचायला पाऊण तास उशीर, आणि तो पाऊण तास चार्जरपाशी वाचतो. समृद्धीवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, फक्त फास्टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून नोंदलेली आहे ना ते बघून घ्या.

प्रश्न : नाशिक. नवी मोठ्या बॅटरीची गाडी बुक केलीये, कंपनी ७.२ किलोवॉटचा चार्जर फुकट देतेय, सोसायटी म्हणते लोड नाही. काय करू?

उत्तर : रोज ४० किमी चालवता ना? मग सहा-सात युनिट, साध्या १५ अँपियरला अडीच तास. फुकटचा चार्जर खोक्यात राहू द्या. महावितरणकडे गाडीसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज करा, बिल तुमचं तुमच्या नावावर आलं की सोसायटीतली अर्धी भांडणं तिथेच मिटतात, लोड वाढला की ७.२ चं बघता येईल.