फलकावर कोणाचं नाव?

चिरंजीवास आशीर्वाद,

तुझा मेसेज वाचला. विंग चुन या चिनी युद्धकलेचा वर्ग काढतोयस, याचा आनंद आहेच. पण फलकावर गुरू म्हणून कोणाचं नाव घालू, हे विचारावं लागलं? मोठ्या शिफूंनी, म्हणजे मुख्य गुरूंनी, शिबिरात येऊन-जाऊन तुझे हात पाहिले. रोज घाम गाळून घेतला तो त्यांच्या थोरल्या शिष्याने. ज्याने हात धरून शिकवलं, त्याचं नाव आधी.

एङ मुई भिक्षुणी, तिची शिष्या यिम विंग-चुन, मग लाल नौकांतून फिरणारे नाटकवाले, ही या कलेच्या उगमाची गोष्ट मुलांना जरूर सांग, पण आख्यायिका म्हणून सांग. नौका खऱ्याच होत्या. १८५४ मध्ये ली वेनमाओ हा नट बंडात उतरला आणि पुढे सरकारने दक्षिण चीनच्या फोशान शहरातलं नाटकवाल्यांचं संघगृह पाडलं. पण शिकवणीचा धागा नीट हाती लागतो तो फोशानच्याच लिआंग जान या वैद्यापाशी. त्याचा शिष्य चान वा-शुन, बाजारात नाणी बदलून देणारा. चानने उतारवयात इप मॅनला, पुढे ब्रूस लीचा गुरू झाला त्याला, पदरात घेतलं.

इथून लोक थेट हाँगकाँगला उडी मारतात, आणि माझं डोकं फिरतं! चान लवकरच गेला. पोरगेल्या इप मॅनला पुढे घडवलं ते त्याच्याच थोरल्या गुरुबंधूने, एङ चुंग-सोने. किती वर्गांच्या भिंतीवर त्याची तसबीर आहे? इप मॅन १९५० च्या सुमारास हाँगकाँगमध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवू लागला. पुढे त्याच्याकडे आलेल्या ब्रूस लीचा बराचसा सराव वाँग शुन-लिआंगने करून घेतला. पुन्हा थोरला गुरुबंधूच. ज्याने हात धरून शिकवलं, त्याचं नाव आधी!

तुझंच आठव. ची साव, म्हणजे जोडीदाराच्या हातांना हात चिकटवून करायचा सराव, करताना तुझं कोपर बाहेर सुटायचं. मोठ्या शिफूंनी एकदा बोट दाखवलं. तुझ्या सीहिंगने, थोरल्या गुरुबंधूने, मात्र कोपराखाली दोन बोटं टेकवून ते मध्यरेषेवर आणलं, सुटलं की परत आणलं, महिनोन्महिने, न चिडता. आज तुझा बाँग साव, कोपर उचलून केलेला बचाव, टिकतो तो त्या दोन बोटांवर.

मी माझ्या सीहिंगचं नाव प्रमाणपत्रावर वर घातलं, म्हणून एका संस्थेने माझी मान्यता काढली. मुलं गेली, भाडं थकलं. लोक हट्टी म्हणाले. म्हणोत. गुरुपरंपरेची ओळ खरी ठेवायची तर एवढं सोसावंच लागतं, आणि आजही मी तेच करेन. हळहळ एकच, ते प्रमाणपत्र पाहायला तो राहिला नव्हता.

तुझा सीहिंग अजून आहे. फलक रंगवायला टाकण्याआधी त्याला भेट. नाव कसं लिहायचं ते विचार. त्याला कोणी शिकवलं, कुठे, कोणत्या साली, हेही त्याच्यासमोर वहीत उतरवून घे. मोठ्या शिफूंचं नाव त्याखाली येईल. रागावले तर माझ्याकडे पाठव.