माझ्या पीसीत आय-५ १०४००एफ प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, मॉनिटर १०८०पी ६० हर्ट्झ, बजेट ३० हजार. नवीन ४०६० कार्ड घेऊ की वापरलेलं जुनं ३०६०?

हा तुझा प्रश्न वाचला. त्याच्या शेवटी हळूच लिहिलंयस ना, "एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा आहे, चालेल ना?" एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, त्याच्यावरच्या त्या एका ओळीसाठी लिहितोय. नाही चालणार.

माझाही पीसी असाच होता, १६५० वाला. २०२२ च्या सप्टेंबरात ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद झालं आणि जुनी कार्डं स्वस्तात निघायला लागली, दिवाळीत मी कोथरूडच्या एका पोराकडून ३०६० उचललं, १२ जीबी मेमरीचं. आता माझं १६५० मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॉट घ्यायचं, वेगळी वायर लागायचीच नाही, ३०६० ला आठ पिनची लागते आणि ती माझ्या एसएमपीएसला नव्हतीच. मी म्हटलं आधी एसएमपीएस घेऊ. पण आमचा मामेभाऊ म्हणजे घराण्यातला कॉम्प्युटर एक्स्पर्ट (इंजिनिअर आहे, मेकॅनिकल), तो म्हणाला उगाच पैसे घालू नकोस, ४५० लिहिलंय की त्यावर, आणि दोन मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनच्या वायरी) आठ पिन करणारा कनेक्टर घेऊन आला.

डेस्कटॉपवर मस्त. गेम लावला की दहा मिनिटांत पीसी फट्कन बंद. महिनाभर काय काय केलं, ड्रायव्हर बदलले, विंडोज टाकली, रॅम खोडरबरने घासली. आई म्हणायची गुरुवार आहे, लाईटचाच काहीतरी घोळ असेल. मामेभावाचं एकच, मायनिंगचं जळकं कार्ड गळ्यात मारलं तुझ्या. मग मी त्या कोथरूडच्या पोराला फोन करून वाट्टेल ते बोललो. बिचाऱ्याने निम्मे पैसे परत देतो म्हणून सांगितलं, अजून लाज वाटते.

शेवटी कॅबिनेट ॲक्टिव्हावर पायापाशी ठेवून तापकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या काकांनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही, एसएमपीएस काढला, हातात तोलला आणि म्हणाले, "केवढा हलका आहे रे हा." मग स्टिकर दाखवला. १२ व्होल्टच्या खान्यात १६ अँपिअर. बारा सोळं १९२ वॉट! कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही याच १२ व्होल्टवर. कार्ड एकटंच १७० खातं, प्रोसेसर काय हवेवर चालणार? बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली. ५५० वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस बसवला, साडेचार हजार गेले, तेव्हापासून तेच कार्ड चालतंय आणि पीसी एकदाही बंद पडलेला नाही.

मामेभाऊ अजून गणपतीत सगळ्यांसमोर सांगतो की कार्डच खराब होतं, नंतर सेट झालं. कार्ड सेट होतं? लोणचं आहे का ते मुरायला?

असो, तुझं. नवीन ४०६० घे. ११५ वॉटमध्ये भागतं, १०४००एफ ला झेपतं. तुझ्या बोर्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आणि कार्ड त्याच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं म्हणून चिमूटभर कमी पडेल, पण ६० हर्ट्झवर तुला कळणार पण नाही. मात्र त्यात ८ जीबीच आहे आणि नव्या गेमना अल्ट्रा टेक्स्चर लावलं की ते पुरत नाही, तिथे ३०६० चे १२ जीबी बरे, म्हणजे तसं बघितलं तर जुनं घेण्यातही काही चूक नाही. फक्त ३०६० नावाचंच ८ जीबीचंही कार्ड निघालेलं, त्याची मेमरी बस (मेमरीतून डेटा ये-जा करायची वाट) अरुंद आहे, ते कोणी कितीही स्वस्तात दिलं तरी नको. जुनं घेताना विकणाऱ्याच्याच पीसीवर अर्धा तास गेम चालवून बघ आणि बिल माग.

आणि हो, तुझा एसएमपीएस कदाचित चांगला असेलही, वर मी जरा तावात लिहिलं. १२ व्होल्टचा आकडा बघ, ३० अँपिअरच्या पुढे असेल आणि आठ पिनची स्वतःची वायर असेल तर राहू दे. नाहीतर ३० हजारांतले साडेचार-पाच आधी बाजूला काढ, उरलेल्यात कार्ड.

माझा तो जुना एसएमपीएस मामेभाऊच घेऊन गेला, "चांगला आहे, कशाला टाकतोस" म्हणून. तीन वर्षं त्याच्या माळ्यावर पडलाय. तुझ्या पीसीला लाव म्हटलं की चहा घेणार का विचारतो.