भारताचे परराष्ट्रमंत्रिपद कधी मराठी माणसाकडे होते का?

हो, यशवंतराव चव्हाणांकडे. ऑक्टोबर 1974 ते मार्च 1977. संरक्षण, गृह आणि अर्थ ही खाती सांभाळून झाल्यावर हे चौथे मोठे खाते त्यांच्याकडे आले. लोकांना संरक्षणमंत्री यशवंतराव आठवतात, हा काळ मात्र आणीबाणीच्या गदारोळात झाकला गेला. खरे तर 1976 साली, म्हणजे 1962 च्या युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी, भारताने पेकिंगला (आजचे बीजिंग) पुन्हा राजदूत पाठवला. ते होते के. आर. नारायणन, पुढचे राष्ट्रपती. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजदूत पातळीवरचे संबंध पूर्ववत झाले. अर्थात मोठे निर्णय इंदिराजींचेच असत, हेही मान्य करायला हवे. नेहरूंनी तर 1947 ते 1964 हे खाते स्वतःकडेच ठेवले होते. यशवंतरावांनंतर तिथे अटलबिहारी वाजपेयी आले.

नरसिंह रावांना 'अर्धे मराठी' धरायचे की नाही ते तुम्ही ठरवा. 1988-89 मध्ये ते परराष्ट्रमंत्री असताना रामटेकचे खासदार होते आणि मराठी उत्तम जाणत.

मंत्र्यांखालचे सर्वांत मोठे प्रशासकीय पद परराष्ट्र सचिवाचे. तिथे राम साठे होते आणि अलीकडे, जानेवारी 2018 ते जानेवारी 2020, विजय गोखले. गोखल्यांच्या आधी त्या खुर्चीवर एस. जयशंकर होते, जे 2019 पासून मंत्री आहेत. म्हणजे गोखल्यांनी शेवटचे काही महिने आपल्याच पूर्वसुरींच्या हाताखाली काम केले!